चौकट आणि पानाचे नाव

महाजालावरील पृष्ठरचनेत ज्या योजनेस ‘फ्रेम’ म्हणत, तिला मराठीत ‘चौकट’ म्हणावयास हरकत नाही. चौकट म्हणजे मुळात चार काष्ठांची. ती दाराला शोभते. परंतु महाजालावरील या चौकटीचा विशेष असा की, आत एकामागून एक कितीही घरे पालटली तरी पत्ता आपला पहिल्या दाराचाच राहतो. तिच्या साऱ्या दोषांचे मूळ येथे आहे.

नेटस्केप न्याव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीने चौकटी प्रचारात आणल्या आणि डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीने त्यांना मान्यता दिली. पडद्याचे भाग पाडावयाचे. डावीकडे सूची स्थिर, उजवीकडे मजकूर पालटता. दूरध्वनीच्या तारेवरून एकेक पान रखडत येत असे त्या काळी सूची पुनःपुन्हा मागवावी न लागणे ही सोय लहान नव्हती, हे टीकाकारांनी विसरू नये. याकोब नील्सेन यांनी डिसेंबर १९९६ मध्येच चौकटींवर कठोर लेख लिहिला. पाहण्याचे, फिरण्याचे आणि पत्त्याचे एकक जे एकच पान होते, ते चौकटींनी फोडले, असा त्यांचा आक्षेप. तो यथार्थ आहे; मात्र त्यांचा भर वापरणाऱ्याच्या गैरसोयीवर आहे. भाषेच्या अभ्यासकास त्याहून गंभीर वाटावे ते हे की, येथे नाम व नामी यांचा संबंधच तुटतो.

किनवट परिसरातील कोलामी बोलीवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची कल्पना करावी. चौकटीत बसविलेल्या एखाद्या कोशात त्याला हवा तो शब्द सापडला. पत्ता उतरून घ्यावा तर तो कोशाच्या मुखपृष्ठाचा. परीक्षकाने तो उघडला की समोर ‘अ’पासून सूची! आपल्या त्रिपाठ पोथ्यांत मूळ संहिता मध्यभागी आणि टीका वर-खाली असे. तेही एका अर्थी चौकटीचेच काम. पण संहिता आणि टीका यांचा पत्रांक एकच असे.

यावर जे उपाय निघाले त्यांची योग्यता सारखी नाही. बाहेरचा दुवा उघडताना चौकट मोडून टाकावी, हा शिष्टाचार झाला. चौकटी न जाणणाऱ्या ब्राउझरांसाठी वेगळा मजकूर ठेवावयाचा, तर बहुतेकांनी तेथे ‘आपला ब्राउझर बदला’ एवढेच लिहून ठेवले. शोधयंत्रातून आलेल्या वाचकापुढे पान सूचीवाचून एकटेच उघडे. तेव्हा त्या पानाने स्वतः आपली चौकट शोधून तीत जाऊन बसावे, अशी आज्ञावली लिहिण्यात येऊ लागली. युक्ती चतुर खरी, पण पोरक्या पानास घर मिळताच त्याचा पत्ता पुन्हा हरवे. आतील पानाचे नाव बाहेरच्या पत्त्यात गुंफले तरच तो टिके. खरा उपाय दुसऱ्या बाजूने आला. सूची आणि मजकूर सर्व्हरवरच जोडून प्रत्येक पान स्वयंपूर्ण करावे, आणि सूची पडद्यावर स्थिर दिसावयाची असेल तर ते काम सीएसएसच्या रूपनियमांकडे सोपवावे. रूप चौकटीचे, पण नाव पानाचे स्वतःचे.

कोशांच्या बाबतीत मुद्रित ग्रंथांचे आपल्यावर ऋण आहे. बरो व एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९८४) प्रत्येक नोंदीस क्रमांक आहे. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीतील नोंदी महाजालावर देताना मुद्रित पृष्ठांक सोबत ठेवले आहेत. तेथील पत्ते उद्या पालटले तरी संदर्भ निराधार होणार नाही.

२०१४ मध्ये एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीने जुन्या चौकटसंचास कालबाह्य ठरविले. तथापि पानाच्या पोटात बसणारी ‘आयफ्रेम’ शिल्लक आहे, आणि पत्ता न पालटता मजकूर पालटणारी नवी संकेतस्थळेही आहेत. मजकुराबरोबर पत्ता पालटण्याची सोय त्यांच्या रचनाकारांना उपलब्ध आहे. सर्वच ती वापरतात असे नाही. तेव्हा विद्यार्थ्याने नोंद उघडावी, पत्ता उतरून घ्यावा, ब्राउझर बंद करावा आणि तोच पत्ता नव्याने घालून पाहावा. तीच नोंद समोर न आल्यास तळटीपेत ग्रंथाचे नाव, आवृत्ती आणि नोंदीचा क्रमांक द्यावा.