बदललेला वर्ण आणि वाचकाचा न्याय

प्रसिद्ध व्यक्तीचा चेहरा ही वाचकसमूहाने वर्षानुवर्षे वाचत आणलेली एक संहिता असते. या संहितेत फेरफार झाल्याचा संशय येताच वाचक न्यायाधीशाची भूमिका घेतो. काजोल यांच्या वर्णाविषयी झालेली चर्चा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. शोभना समर्थ, नूतन, तनुजा अशी मराठी परंपरा लाभलेल्या या अभिनेत्रीचा ‘बाजीगर’ (१९९३) मधील सावळा चेहरा आणि पुढील काळातील उजळ चेहरा शेजारी शेजारी ठेवून ‘ही गोरी झाली कशी?’ असा प्रश्न वारंवार विचारला गेला. उन्हातील चित्रीकरण कमी झाल्याने रंग उजळला, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. २०२३ मध्ये पूर्ण झाकलेल्या चेहऱ्याचे छायाचित्र प्रसृत करून उपहासानेही उत्तर दिले. हा खुलासा ग्राह्य की अग्राह्य, हा येथील प्रश्न नाही. खुलासा मागण्याचा अधिकार वाचकाला कोठून प्राप्त होतो, हा खरा प्रश्न आहे.

शेजारी ठेवलेली दोन छायाचित्रे हा या अभियोगाचा मुख्य पुरावा होय. परंतु ही रचना अभियोगकर्त्यांची स्वतःची नाही. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’सारख्या मलमांच्या जाहिरातींनी ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी चेहऱ्यांची जोडी घरोघरी रुजवली. २०२० मध्ये त्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला, पाहण्याची सवय मात्र राहिली. त्याच रचनेतून जाहिरात यशाची कथा सांगते आणि अभियोग फसवणुकीची. गोरेपणाचे मूल्य दोहोंतही गृहीतच असते. तसे नसते, तर रंगातील बदल केशरचनेतील बदलाइतकाच किरकोळ ठरला असता.

शिवाय हा पुरावा निर्दोष नाही. रंगीत फिल्मचा समतोल दीर्घकाळ गौरवर्णीय स्त्रीच्या चेहऱ्याच्या नमुनापत्रावरून साधला जाई. प्रकाशयोजना, रंगभूषा, मुद्रण आणि अलीकडील संगणकीय संस्करण यांतून जे उरते, त्याला त्वचा म्हणणे धाडसाचे आहे.

या न्यायामागील तत्त्व भाषेतच सूचित झाले आहे. ‘वर्ण’ या शब्दाने रंगाचा आणि जन्माधिष्ठित श्रेणीचाही निर्देश होतो. जन्माने लाभलेल्या गोरेपणाचा पुरावा कोणी मागत नाही. मिळवलेले गोरेपण मात्र नक्कल ठरते. पुण्यात जन्मलेल्या स्मिता पाटील यांचे ‘जैत रे जैत’ (१९७७) वा ‘उंबरठा’ (१९८२) मधील सावळेपण ‘अस्सल’ म्हणून गौरवले गेले. पण त्या गौरवालाही एक अट होती. तो रंग मातीचे, श्रमाचे, वास्तवाचे चिन्ह म्हणून स्थिर राहावा, ही ती अट. निंदा आणि स्तुती दोन्ही वर्णाला स्थानबद्ध करतात.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. सावळ्या मुलींना जिच्यात स्वतःचे रूप दिसले, ती उजळ होणे हा त्यांचा विश्वासघात नव्हे काय? मुलींची वेदना खरी आहे, आणि वधूवरसूचक मजकुरातील ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’ ही उतरंड तिची साक्ष देते. मात्र या वेदनेचे उत्तरदायित्व भूमिकांची निवड करणाऱ्या निर्मात्यांकडे, मलमे विकणाऱ्या उत्पादकांकडे आणि ती मलमे विकण्यास आपली कीर्ती देणाऱ्या कलावंतांकडे जाते. तेथे प्रश्न त्वचेचा नसून कृतीचा असतो. एकट्या स्त्रीच्या त्वचेवर खटला भरल्याने हे सर्व पक्ष सुटतात.

देहावरील खुणेत स्त्रीने केलेला बदल गुन्हा ठरणे नवे नाही. आज कर्वेनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिंगण्यात महर्षी कर्वे यांच्या आश्रमासाठी आयुष्य वेचणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी केशवपन सोडले, तेव्हा त्यांनाही टीकेस सामोरे जावे लागले. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी ते नोंदविले आहे. केशवपन ही लादलेली खूण होती, उजळपणा हे लादलेले आकर्षण आहे. दोहोंतील अंतर मोठे आहे आणि ते विसरता येणार नाही. साम्य आहे ते वाचकाच्या अपेक्षेत. स्त्रीचा देह एकदा वाचून झाला की त्याने पुन्हा अर्थ बदलू नये, अशी ही अपेक्षा आहे. पार्वतीबाईंनी आपल्या बदलाचा अर्थ स्वतः लिहून ठेवला. ज्यांना तो लिहू दिला जात नाही, त्यांच्याविषयीच्या निवाड्यातून न्यायाधीशाचाच चेहरा वाचावा लागतो.