कलहारीतील क्षमापत्र

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार वरकरणी निरुपद्रवी भासतो. लेखक कोठे गेला, त्याने काय पाहिले, कोठे मुक्काम केला, एवढेच तर तो सांगत असतो. परंतु प्रत्येक प्रवासी कोणाच्या तरी अंगणात पाऊल टाकीत असतो. ते अंगण कोणाचे, हे त्याने ओळखले की नाही, यावर त्याच्या लेखनाची प्रत ठरते. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील वाळवंटे आणि अभयारण्ये यांच्या प्रवासावर विपुल लेखन झाले आहे. त्यातील एका गाजलेल्या ग्रंथाला हा निकष लावून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

केपटाऊनहून निघून नामिबिया व बोट्सवाना ओलांडीत व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत जाणारा खुष्कीचा मार्ग आज पर्यटकांच्या चांगल्याच परिचयाचा झाला आहे. उंच चाकांच्या ट्रकमधून मंडळी निघतात. दिवसभर धुळीचा प्रवास, सायंकाळी तंबू, शेकोटी आणि डोक्यावर ताऱ्यांनी गच्च भरलेले आकाश. सोसुसव्लेईच्या तांबूस वाळूच्या टेकड्या, डेडव्लेईत शतकानुशतके वाळून उभी असलेली झाडे, इटोशाच्या पाणवठ्यावर रात्री येणारे हत्ती आणि गेंडे, ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशातील अरुंद होड्या, असा हा क्रम असतो. सृष्टीचे हे वैभव शब्दांत पकडण्याची धडपड कोणीही समजू शकेल. मात्र अशा प्रवासांवरील लेख वाचताना दोन विशेषणे पुनःपुन्हा भेटतात: ‘निर्मनुष्य’ आणि ‘अस्पर्श’. ही विशेषणे कोठून आली, याचा शोध घेताना लॉरेन्स व्हॅन डर पोस्ट यांच्या ‘द लॉस्ट वर्ल्ड ऑफ द कलहारी’ या 1958 च्या ग्रंथापाशी थांबावे लागते. इंग्रजी वाचकांच्या मनात कलहारीचे जे चित्र रुजले, त्यात या पुस्तकाचा वाटा फार मोठा आहे.

व्हॅन डर पोस्ट यांचा जन्म 1906 साली दक्षिण आफ्रिकेतील फिलिपोलिस या गावी झाला. हे गाव म्हणजे मुळात लंडन मिशनरी सोसायटीने 1823 मध्ये सान लोकांसाठी उभारलेले ठाणे. ‘बुशमन’ या नावाने ग्रंथात वावरणारे ते हेच सान. लेखकाच्या जन्मापर्यंत त्या परिसरात त्यांचा मागमूस उरला नव्हता. 1955 मध्ये बीबीसीसाठी चित्रीकरण करण्याच्या निमित्ताने लेखक लँडरोव्हर गाड्यांचा ताफा घेऊन कलहारीत शिरला. 1956 मध्ये ती मालिका दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि दोन वर्षांनी ग्रंथ आला. त्याच्या आरंभीच्या प्रकरणांत सान लोकांच्या संहाराचा इतिहास आहे. दक्षिणेकडून आलेले गोरे आणि उत्तरेकडून आलेले पशुपालक, दोघांनीही त्यांना कसे हुसकले व मारले, हे लेखक सांगतो. आपल्या आजोळच्या पूर्वजांचा त्यातील सहभागही तो लपवीत नाही. वर्णद्वेषाला कायद्याचे रूप देणारी राजवट त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत सत्तेवर होती, हे लक्षात घेता या प्रकरणांचे मोल कमी लेखता येत नाही.

ग्रंथाचे वाङ्मयीन सामर्थ्य त्याच्या तपशिलात आहे. उदाहरणार्थ, वाळूतून पाणी ओढण्याचा प्रसंग पाहावा. एक माणूस हातभर खोल खड्डा करतो, पोकळ वेताच्या टोकाला गवताचा बोळा लावून तो त्यात उभा रोवतो, भोवती वाळू दाबून बसवतो आणि गुडघे टेकून ओढू लागतो. बराच वेळ काहीच घडत नाही. मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून एका काडीवरून पाण्याची धार शहामृगाच्या अंड्याच्या कवचात उतरू लागते. येथे लेखक उपमांचा सोस आवरतो, केवळ पाहतो, आणि म्हणूनच वाचकालाही पाहता येते. कोरड्या म्हटल्या गेलेल्या भूमीत पाणी आहे. ते कोठे आणि कसे हे ज्यांना ठाऊक आहे, ती माणसेही तेथे आहेत. हा एक प्रसंगच ‘निर्मनुष्य’ या विशेषणाला पुरेसे उत्तर देतो.

परंतु ग्रंथाचा गाभा आहे तो त्सोडिलो टेकड्यांच्या प्रकरणात. वायव्य बोट्सवानातील या टेकड्या परिसरातील लोकांना पवित्र आहेत. पुरुष, स्त्री आणि मूल अशी त्यांची नावे. सामुचोसो नावाचा वाटाड्या लेखकाला तेथे नेण्याचे मान्य करतो, पण एका अटीवर: वाटेत कोणत्याही प्राण्याची हत्या करावयाची नाही. लेखक ही अट पुढे गेलेल्या सोबत्यांना सांगावयास विसरतो. ते एक रानडुक्कर आणि एक लहान हरिण मारतात. त्यानंतर संकटांची मालिका सुरू होते. सूर्योदयाबरोबर मधमाश्यांची मोहळे तळावर तुटून पडतात, चित्रीकरणाचा कॅमेरा वारंवार अडतो, ध्वनिमुद्रणयंत्र बंद पडते, प्रार्थनेस गुडघे टेकलेला सामुचोसो मागे फेकला जातो. टेकड्यांचे आत्मे रुष्ट झाले आहेत, असे तो सांगतो. तेव्हा लेखक क्षमायाचनेचे पत्र लिहितो, त्यावर सोबत्यांच्या सह्या घेतो, ते लिंबूसरबताच्या रिकाम्या बाटलीत घालतो आणि इलंड व जिराफ यांची चित्रे असलेल्या कड्याच्या पायथ्याशी पुरतो.

या प्रकरणाकडे काही वाचक केवळ गूढकथा म्हणून पाहतात. मधमाश्यांचे आणि यंत्रबिघाडाचे स्पष्टीकरण देता येईल की नाही, या वादात शिरण्याचे प्रयोजन नाही. महत्त्वाची गोष्ट ही की, आधुनिक यंत्रसामग्रीने सज्ज असलेल्या मोहिमेचा प्रमुख दुसऱ्याच्या घराचा नियम मोडला गेल्याचे मान्य करतो आणि त्या घराच्या रीतीनुसार क्षमा मागतो. वाटाड्याचा शब्द त्याला अंधश्रद्धा वाटत नाही. तो त्याला बांधील मानतो. साम्राज्याच्या छायेत लिहिल्या गेलेल्या प्रवासवर्णनांत असा विनय विरळाच.

आणि तरीही येथेच ग्रंथाची मर्यादा सुरू होते. प्रायश्चित्ताचा विचार करणारा कोणीही जाणतो की, पश्चात्ताप आणि कबुली यांपाशी ते पूर्ण होत नाही. झालेल्या हानीची भरपाई हा त्याचा तिसरा भाग आहे. व्हॅन डर पोस्ट यांच्या लेखनात पहिले दोन आहेत. तिसऱ्याच्या जागी येते ती हुरहुर. ‘लॉस्ट’ हे शीर्षकातील विशेषणच पाहा. लेखकाने भेटलेल्या माणसांची नावे दिली, त्यांचे हसणे, नाचणे, शिकार रंगवली. पण त्यांचे जग त्याने आधीच हरवलेले ठरवून टाकले. युंग यांच्या मानसशास्त्राचा त्याच्यावर गाढ प्रभाव होता. त्यामुळे सान माणूस हळूहळू युरोपीय मनाच्या हरवलेल्या बालपणाचे प्रतीक होऊन बसतो. प्रतीकाला तहान लागत नाही, जमिनीचा हक्क लागत नाही, दवाखाना लागत नाही. माणसाला हे सारे लागते.

लेखकाच्या मृत्यूनंतर, 2001 मध्ये जे. डी. एफ. जोन्स यांनी लिहिलेले त्याचे चरित्र प्रसिद्ध झाले. आपल्या आयुष्याविषयी त्याने केलेल्या अनेक विधानांत अतिशयोक्ती आणि कल्पित किती, हे त्यात तपासले आहे. तेव्हापासून अनेकांनी हा ग्रंथ बाजूला ठेवला. मला तो मार्ग योग्य वाटत नाही. लेखकाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका आली की वाचकाची जबाबदारी वाढते. त्याने अधिक सावधपणे वाचावयाचे असते.

ती सावधगिरी कोणती, हे त्सोडिलोच्याच मातीने दाखवून दिले आहे. तेथील उत्खननांत इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील वसाहती सापडल्या. तेथील लोक गुरे पाळीत, लोखंडाचे व तांब्याचे अलंकार घालीत, चकाकणारे लोहखनिज खणून काढीत. हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरून आलेले काचमणीही तेथे मिळाले. म्हणजे ज्या जगाला ‘अस्पर्श’ म्हटले, ते हजार वर्षांपूर्वीच दूरच्या बाजारपेठांशी जोडलेले होते. एडविन विल्मसेन यांनी 1989 च्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा पुढे नेला: सान लोकांचे एकाकी, काळाबाहेरचे जीवन ही बाहेरच्यांनी रचलेली कल्पना असून त्यांचे दारिद्र्य हे त्यांच्याकडून हिरावून घेतले गेल्याचे फळ आहे. 1963 पासून डोबे परिसरात अभ्यास करणारे रिचर्ड ली आणि इतर संशोधक यांनी त्याला विरोध केला. सर्व प्रदेशांना एकच सूत्र लावता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. हा वाद अभ्यासकांनी निस्तरावा. सामान्य वाचकाने त्यातून एवढे घ्यावे की, वाळवंटालाही इतिहास असतो.

तुलनेसाठी मार्शल कुटुंबाचे उदाहरण घेता येईल. हे अमेरिकन कुटुंब 1950 च्या दशकाच्या आरंभी आजच्या नामिबियातील न्याए न्याए भागात जाऊन राहिले. कन्या एलिझाबेथ हिचे ‘द हार्मलेस पीपल’ हे पुस्तक 1959 चे, म्हणजे व्हॅन डर पोस्ट यांच्या पाठोपाठचे. बंधू जॉन याने जिराफाच्या शिकारीवर ‘द हंटर्स’ हा चित्रपट 1957 मध्ये केला. त्यांच्याही आरंभीच्या कृतींत रम्यता भरपूर आहे. पण जॉन मार्शल पुढे त्याच माणसांकडे परत गेला. त्यांची शिकारीची भूमी आक्रसली होती. 1981 मध्ये त्याने त्यांच्या पाण्यासाठी, गुरांसाठी आणि जमिनीवरील हक्कासाठी संस्था उभारण्यात पुढाकार घेतला आणि 2002 मधील ‘अ कलहारी फॅमिली’ या चित्रपटमालिकेत हा सारा बदल, त्यातील अपयशांसह, मांडला. ज्या तिसऱ्या भागाची वाण वर सांगितली, ती येथे काही अंशी भरून निघालेली दिसते.

शब्दांचे परिणाम जमिनीवर उमटतात. इटोशा हे अभयारण्य 1907 मध्ये जर्मन राजवटीत घोषित झाले. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या हाइओम लोकांना 1954 मध्ये बाहेर काढण्यात आले. आज पर्यटक ज्या पाणवठ्यांवर श्वास रोखून बसतो, तेथे पूर्वी त्यांच्या वस्त्या होत्या. मध्य कलहारी अभयारण्य 1961 मध्ये स्थापन झाले ते वन्य प्राण्यांबरोबरच तेथील रहिवाशांनाही आपले जीवन जगता यावे म्हणून. पुढे 1997, 2002 आणि 2005 मध्ये याच रहिवाशांना बाहेर हलवण्यात आले आणि 2002 मध्ये त्यांची पाण्याची कूपनलिका बंद करण्यात आली. त्यांची बदललेली राहणी वन्यजीवरक्षणाशी जुळत नाही आणि नव्या वसाहतींत शाळा व दवाखाने देणे सोपे जाते, अशी बोट्सवाना सरकारची बाजू होती. रॉय सेसाना आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. 13 डिसेंबर 2006 रोजी उच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की, त्यांना त्यांच्या भूमीपासून गैररीतीने वंचित करण्यात आले होते. पाण्यासाठी मात्र पुन्हा लढावे लागले. कूपनलिका वापरण्याचा आणि नवी खणण्याचा हक्क अपील न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केला. वाळूतून पाणी ओढणाऱ्या माणसाचे चित्र ज्यांनी डोळे भरून वाचले, त्यांनी हा निकालही तितक्याच आस्थेने वाचावयास हवा.

‘निर्मनुष्य’ हे विशेषण म्हणूनच निरागस नाही. भूमी रिकामी आहे असे एकदा लिहिले गेले की, ती रिकामी करणे सोपे जाते. व्हॅन डर पोस्ट यांचा तसा हेतू मुळीच नव्हता. त्यांना सान लोकांविषयी माया होती. पण मायेने केलेले वर्णनही माणसाला अदृश्य करू शकते, हा या ग्रंथाचा खरा धडा आहे. शीर्षक जे सांगते, त्याच्या नेमके विरुद्ध त्सोडिलोचे प्रकरण सांगते. ज्या घराला धनी नाही, त्याच्या उंबरठ्यावर कोणी क्षमापत्र पुरीत नाही.

त्सोडिलो 2001 मध्ये जागतिक वारसास्थळ झाले. सुमारे दहा चौरस किलोमीटरच्या परिसरात साडेचार हजारांहून अधिक भित्तिचित्रे तेथे आहेत. ज्या चित्रांखाली ती बाटली पुरली गेली, तो कडा आज ‘व्हॅन डर पोस्ट पॅनल’ या नावाने दाखवला जातो. चित्रे ज्यांनी काढली त्यांचे नाव त्याला मिळाले नाही. क्षमा मागावयास आलेल्या पाहुण्याचे मिळाले. दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासावरील पुढचे पुस्तक हाती घ्याल तेव्हा त्यातील वाटाड्याला नाव आहे का, त्याचा शब्द लेखकाने मानला आहे का आणि ती भूमी कोणाची हे त्याने विचारले आहे का, एवढे अवश्य पाहावे.