खटकणारे इंग्रजी शब्द आणि सामान्यरूपाची कसोटी

बोलण्यातील इंग्रजी शब्द कानाला खटकतात, ही तक्रार मराठीत जुनीच आहे. परंतु नेमका कोणता शब्द खटकतो आणि कोणता खटकत नाही, याचा निकष तक्रार करणाऱ्यांनी क्वचितच तपासला. सावरकरांच्या 'दिनांक', 'महापौर' यांसारख्या शब्दांनी मराठीची सोय झाली, हे मान्य केलेच पाहिजे. माधव ज्यूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. तथापि शब्दाचे कूळ पाहून त्याला दोषी ठरविण्याची रीत भाषाव्यवहाराला धरून नाही. ज्यांच्या नावाने धुळे येथे १९२७ साली संशोधन मंडळ स्थापन झाले, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांतील फारसी शब्द मोजून त्यांचे प्रमाण घटत गेल्याचे दाखविले. पण जे शब्द टिकले ते कसे टिकले, हे गणतीने कळत नाही. फारसीच्या वाटेने आलेला अरबी 'शिवाय' पाहावा. 'पाण्याशिवाय', 'तुझ्याशिवाय' असे म्हणताना तो मागील पदाकडून सामान्यरूप वसूल करून घेतो. त्याचे परकेपण आज कोणाच्या ध्यानीही येत नाही.

इंग्रजी शब्दांनाही हीच कसोटी लावता येते. 'कोर्टात', 'बँकेत', 'पेन्सिलीने', 'तिकिटाला' ही रूपे मराठी व्याकरणाने आपलीशी केली आहेत. 'मोबाइलवर' हे रूप मात्र सामान्यरूप टाळते, आणि पूर्वी सर्रास ऐकू येणाऱ्या 'ऑफिसात', 'कॉलेजात' यांची जागा 'ऑफिसमध्ये', 'कॉलेजमध्ये' घेत आहेत. 'ॲक्च्युअली', 'बेसिकली', 'सो' हे तर वाक्याच्या उंबरठ्यावरच उभे राहतात. 'खरे तर', 'मुळात', 'म्हणून' ही घरची अव्यये आत रिकामी बसलेली असतात. याहून खोल बाधा 'मी तुला मिस करते' या प्रयोगात आहे. मराठीत आठवण येते, ती कोणी करीतच असेल तर बुद्ध्या करते. 'मला' या चतुर्थीतून व्यक्त होणारा अनुभव येथे कर्त्याची कृती होऊन बसतो. असला प्रयोग खटकावा हे रास्तच होय, आणि तेथे शब्दाच्या इंग्रजीपणापेक्षा वाक्याची मोडलेली घडीच अधिक बोचते.

खानदेशात मात्र ही कसोटी जशीच्या तशी चालत नाही. प्रमाण मराठीतील 'घरात', 'गावात' यांच्या जागी अहिराणीत 'घरमा', 'गावमा' अशी रूपे येतात; तेथे नामाचा अंत्य स्वर बदलत नाही. (ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाच्या १९०७ च्या भागात खानदेशी भिल्ली भाषांबरोबर ठेवली गेली, त्या वर्गीकरणाचा वाद येथे अप्रस्तुत आहे.) अर्थात धुळ्याकडील विद्यार्थी 'कॉलेजमा', 'बसमा' म्हणतो तेव्हा तो इंग्रजी शब्द अहिराणीच्या व्याकरणात पुरता मुरलेला असतो. प्रमाणभाषेवर पोसलेल्या कानाला त्यात दोन दोष ऐकू येतात, एक इंग्रजीचा आणि एक बोलीचा. 'कॉलेजमध्ये' मात्र निर्दोष ठरते. वस्तुतः आपल्या भाषेच्या घडणीशी अधिक फटकून वागणारे रूप तेच आहे. अशा दुहेरी दोषारोपाने विद्यार्थी वर्गात तोंड उघडेनासा झाला, तर शुद्धीने काय साधले?

जळगावच्या केळीबागांतील व्यवहार याहून बोलका आहे. ऊतिसंवर्धनाच्या रोपांना तेथे नुसते 'टिशू' म्हणतात. त्या मूळ इंग्रजी संज्ञेचे उत्तरपद गळून गेले आहे. सिंचनाच्या बाबतीत 'ड्रिप' आणि 'ठिबक' हे दोन्ही शब्द चालतात. 'ठिबक' रुजला, कारण 'ठिबकणे' हा धातू लोकांच्या तोंडी आधीच होता. आज्ञेने लादलेल्या कित्येक पर्यायांना ते भाग्य लाभले नाही. गंमत अशी की, या अस्सल मराठी शब्दालाही सामान्यरूपाचे वावडे आहे: 'ठिबकवर कापूस' असेच बोलले आणि छापलेही जाते, 'ठिबकावर' नव्हे. आणि ही चाल अहिराणीच्या मुलखापुरती मर्यादित नाही. तेव्हा सामान्यरूप गळण्याचे सारे खापर इंग्रजीच्या माथी मारता येणार नाही.