जुन्या संगणकाची वकिली

बोरिवलीच्या आणि मुलुंडच्या आरक्षण खिडकीवर एकाच क्षणी एकाच बर्थची मागणी आली, तरी ती दोघांना विकली जाता कामा नये. एकाचा व्यवहार पुरा होईपर्यंत दुसऱ्याला थोपवायचे, मध्येच यंत्र थांबले तर अर्धवट नोंद रद्द करायची, हे काम दिसते तितके सोपे नाही. रेल्वेची ‘कन्सर्ट’ ही आरक्षण प्रणाली १९९४ मध्ये सिकंदराबादला सुरू झाली आणि १९९९ मध्ये मुंबईसह पाचही केंद्रे तिने जोडली गेली. तिच्या बुडाशी होती डिजिटल कंपनीची यंत्रे आणि त्यांच्यावरची व्हीएमएस ही १९७७ सालची कार्यप्रणाली.

डिजिटल १९९८ मध्ये कॉम्पॅककडे गेली आणि कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीकडे. २०१३ मध्ये एचपीने जाहीर केले, की इटॅनियम प्रोसेसरच्या नव्या पिढीवर व्हीएमएस चालवण्याची सोय केली जाणार नाही. जगभरच्या ग्राहकांत साहजिकच नाराजी पसरली.

अशा वेळी ग्राहक हटकून एकच मुद्दा मांडतात: यंत्रणा उत्तम चालते, मग बंद का करता? हा मुद्दा मला लंगडा वाटतो. न बिघडणाऱ्या यंत्राचे कौतुक ग्राहकाला. विक्रेत्याला त्यात नवी विक्री दिसत नाही. खरा मुद्दा तांत्रिक आहे. प्रत्येक प्रोसेसरची आज्ञाभाषा वेगळी असते. फोरट्रानमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा भाषांतरित करता येतो, पण ते भाषांतर करणारा कंपायलर आणि खालची कार्यप्रणाली आधी तिथे पोचायला हवी. त्यांचा मूळ मजकूर कंपनीच्या कुलपात! म्हणजे पदरचे पैसे घालायची तयारी असली, तरी ग्राहकाचे हात बांधलेलेच. तेव्हा ‘तुम्हीच चालू ठेवा’ असा हट्ट धरण्यापेक्षा ‘तुम्हाला नको असेल तर दुसऱ्याला करू द्या’ ही मागणी जास्त सयुक्तिक.

घडलेही तसेच. जुलै २०१४ मध्ये एचपीने व्हीएमएस सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीला पुढील विकासाचा परवाना दिला. सर्वसाधारण एक्स-८६ प्रोसेसरवर चालणारी आवृत्ती मात्र २०२२ मध्ये आली. मधली आठ वर्षे बड्या संस्थांना पेलली असतील.

शाळेला ती पेलणार नाहीत. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि नव्या आवृत्तीच्या अटींत बरेच धडधाकट संगणक बसत नाहीत. अंधेरीच्या एखाद्या शाळेच्या पत्राने कंपनीचे मन वळेल, असे मला वाटत नाही. तिथे त्याच यंत्रांवर लिनक्स घालून पाहणे शहाणपणाचे. त्याच्या मूळ मजकुराला कुलूप नाही.