‘नवे रोप’ आणि ‘नवा वाण’ : ऊतिसंवर्धनाच्या भाषेविषयी

ऊतिसंवर्धनाविषयीच्या मराठी लेखनात ‘प्रयोगशाळेत नवीन वनस्पतींची निर्मिती’ अशी शब्दयोजना वारंवार आढळते. ती सुबोध आहे. परंतु शास्त्रीय विवेचनात केवळ सुबोधता पुरेशी नव्हे. येथे ‘नवीन’ या एकाच विशेषणात नवे रोप आणि नवा वाण असे दोन अर्थ मिसळले आहेत. हे मिश्रण निरुपद्रवी नाही, एवढेच प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

मूळ संज्ञेविषयी तक्रार नाही. ‘विणणे’ या अर्थाच्या संस्कृत ‘वे’ धातूपासून ‘ऊति’ हा शब्द सिद्ध होतो. इंग्रजी ‘टिश्यू’ही ‘विणलेले’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. म्हणजे या पर्यायात मूळ शब्दामागील प्रतिमाही टिकून राहिली आहे. आक्षेप आहे तो संज्ञेभोवतीच्या वर्णनपर भाषेवर.

हाबरलांट यांनी १९०२ मध्ये सुट्या वनस्पतिपेशी पोषकद्रवात वाढविण्याची कल्पना मांडली. स्कूग व मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या ऊतीवर असे दाखविले की, ऑक्सिन व कायनेटिन यांच्या परस्परप्रमाणावर मुळे फुटणार की कोंब, हे अवलंबून असते. पुढील वर्षी स्टुअर्ड यांच्या गाजरावरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या पद्धतीने वाढलेल्या रोपाची आनुवंशिकता सामान्यतः मातृवनस्पतीचीच असते. ही ‘निर्मिती’ नव्हे, अभिवृद्धी होय. माळ्याचा ‘कलम’ हा शब्द तिच्या अधिक जवळचा आहे.

याला अपवाद आहेत. गुहा व महेश्वरी यांनी दिल्ली विद्यापीठात १९६४ मध्ये धोत्र्याच्या परागकोशांपासून भ्रूण मिळविले; परागकणापासून वाढलेल्या अशा रोपांत गुणसूत्रांचा एकच संच असतो. संवर्धनात आपोआप उद्भवणाऱ्या बदलांना लार्किन व स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये स्वतंत्र नाव दिले. अशा ठिकाणी आनुवंशिकता खरोखरच बदललेली असते. म्हणूनच ‘नवा’ हे विशेषण तेथे राखून ठेवणे इष्ट होय.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. जळगावच्या केळीबागांत मुनव्यांऐवजी ऊतिसंवर्धित ‘ग्रँड नैन’ची रोपे मोठ्या प्रमाणावर लागली. निरोगी व तपासलेल्या मातृवनस्पतीपासून सिद्ध झालेले रोप मुनव्याबरोबर येणाऱ्या सूत्रकृमींपासून व विषाणूंपासून मुक्त असते. तथापि शेतात मावा किडीमार्फत पसरणारा काकडी मोझॅक विषाणू त्यालाही ग्रासू शकतो. ‘रोगमुक्त’ म्हणजे ‘रोगप्रतिकारक’ नव्हे. पहिला शब्द रोपाची आजची स्थिती सांगतो, दुसरा त्याचा आनुवंशिक गुण. ‘नवीन वनस्पती’ असे ऐकलेला बागायतदार पहिल्या शब्दात दुसऱ्याचा अर्थ वाचील, तर दोष त्याच्या आकलनाचा नसून आपल्या लेखनाचा आहे. शिवाय एकाच मातृवनस्पतीची सहस्र रोपे रोगापुढे सारखीच दुर्बळ ठरतात, हे सत्यही ‘नवीन’ या शब्दाआड झाकले जाते.

परिभाषेची कसोटी कोशात नव्हे, तर तिच्यावर विसंबून घेतलेल्या निर्णयात लागते.