साखर मोजली कोणी?

'सायन्स'मधला २०२४ चा साखरेचा पेपर तुम्ही मथळ्यांतून वाचला असेल. ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये संपलं आणि खप जवळपास दुप्पट झाला. त्याच्या आगेमागे जन्मलेल्या सुमारे ६० हजार लोकांची यूके बायोबँकमधली माहिती संशोधकांनी तपासली. गर्भात आणि तान्हेपणी रेशनिंग अनुभवलेल्यांत टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के कमी निघाला. त्यातला साधारण एक तृतीयांश फायदा गर्भातल्या काळाचा.

डिझाइन मला फार आवडलं. गरोदर बायकांना प्रयोगासाठी जास्त साखर खायला घालता येत नाही. इथे सरकारी निर्णयानंच दोन गट पाडले. पण एकाही आईची साखर मोजलेली नाही, पाहिली ती मुलांची जन्मतारीख. शिवाय बायोबँकमधले स्वयंसेवक सर्वसाधारण लोकांपेक्षा निरोगी आहेत. आणि रेशनिंग म्हणजे साखरबंदी नव्हे. दिवसाला सरासरी ४० ग्रॅम साखर तेव्हाही पोटात जायचीच.

गरोदर ताईनं विचारलं, "मग चहा बिनसाखरेचाच घेऊ का?" म्हटलं, "बंद नको गं, बेतानं घे." निष्कर्ष समाजाच्या सरासरीबद्दल आहे, तिच्या कपाबद्दल नाही.

कुठलाही पेपर उघडलात की आधी हेच विचारा: एक्स्पोजर नक्की मोजलं कसं?