कृषी विद्यापीठातील रोजंदारी कामगार आणि ‘मंजूर पदा’चा प्रश्न

कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवण्याच्या उद्देशाने कामगारांना वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या अधिनियमाने अनुचित कामगार प्रथा ठरविली. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या प्रकरणात मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये वेगळी भूमिका घेतली. पदनिर्मिती शासनाच्या हाती असल्याने, मंजूर पदांअभावी कामगारांना कायम न करणे ही विद्यापीठाची अनुचित प्रथा ठरत नाही, असा तो निर्णय होता.

हा युक्तिवाद तर्कसंगत असला तरी त्याची परिणती अन्यायकारक आहे. विद्यापीठ शासनाकडे बोट दाखविते, शासन स्वतःला मालक मानत नाही आणि कामगार दोहोंच्या मध्ये निराधार राहतो. पेरणी, खुरपणी, कापणी ही कामे दर हंगामात असतातच; नसते ते केवळ पद.

उमादेवी प्रकरणात (२००६) दहा वर्षे सेवा झालेल्यांना एकवेळची सवलत मिळाली, तीही मंजूर पदांपुरतीच. कास्ट्राईब प्रकरणात (२००९) औद्योगिक न्यायालयांचे अधिकार अबाधित राहिले. परंतु पद अस्तित्वात असण्याची अट सुटली नाही. उत्तर प्रदेशातील उच्च शिक्षण सेवा आयोगाच्या रोजंदारी कर्मचाऱ्यांसंबंधीच्या धरम सिंग प्रकरणात (२०२५) मात्र आर्थिक अडचणीच्या सबबीवर पदे नाकारणे न्यायालयाने मनमानी ठरविले व अधिसंख्य पदे निर्माण करण्याचा आदेश दिला.

तात्पर्य, पदाचा अभाव हा शासनाचा बचाव होऊ शकत नाही. त्याचे स्पष्टीकरण देणे हे शासनाचेच दायित्व होय.